रॉकेटच्या अंगणात शिरलेला वणवा

१७ सप्टेंबर २०१६. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर व्हँडेनबर्गच्या हवाई तळावर ॲटलस-५ रॉकेट उड्डाणासाठी उभं होतं. त्याच्या टोकाशी वर्ल्डव्ह्यू-४ हा उपग्रह बसवलेला होता. आदल्या दिवशीचं उड्डाण जमिनीवरच्या हायड्रोजन यंत्रणेत गळती सापडल्यामुळे थांबवलं होतं आणि १८ तारखेला पुन्हा प्रयत्न करायचा होता. मधल्या त्या एका दिवशी तळाच्या दक्षिण भागातल्या आडबाजूच्या दरीत वणवा लागला. उड्डाण परत लांबणीवर पडलं. आग वाढत वाढत साडेबारा हजार एकरांवर पसरली आणि रॉकेट उडालं ते थेट ११ नोव्हेंबरला, जवळजवळ आठ आठवड्यांनी.

अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे लगेच एक चित्र उभं राहतं: एका बाजूला आग, शेजारी इंधनाने भरलेलं रॉकेट आणि मग प्रचंड स्फोट. ती भीती अगदीच खोटी नाही, तिच्याकडे पुढे येतोच. पण रॉकेट उडवण्याचा चौथरा, म्हणजे लाँच पॅड, ही त्या साऱ्या परिसरातली सगळ्यांत कमी जळणारी जागा आहे हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. जाड काँक्रीट, पोलाद, इंजिनाच्या ज्वाळा बाजूला वळवणारा खोल खंदक आणि पाण्याचा मारा करणाऱ्या तोट्या. रॉकेटच्या इंजिनाच्या पोटात तापमान तीन हजार अंशांच्या पलीकडे जातं, आणि त्यातून निघणारा झोत सोसण्यासाठीच ही जागा बांधलेली असते. गवताच्या आणि झुडपांच्या आगीने तिचं फार काही बिघडत नाही. शिवाय द्रवरूप ऑक्सिजन (उणे १८३ अंश) आणि द्रवरूप हायड्रोजन (उणे २५३ अंश) रॉकेटमध्ये भरतात ते उड्डाणाच्या काही तास आधीच. उड्डाण रद्द झालं की ते परत काढून घेतात.

मग नाजूक काय असतं? पॅडला जिवंत ठेवणारी प्रत्येक गोष्ट. लाकडी खांबांवरून आलेली वीज, जमिनीतून आणि खांबांवरून धावणाऱ्या केबली, ट्रान्सफॉर्मर, पाण्याचे पंप, वातानुकूलनाची यंत्रं, दूरच्या डोंगरावरचे रडार आणि अँटेना. ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण अशा तळावर वणव्याशी होणारी लढाई बहुतेक या यादीसाठीच होते.

उपग्रहाचंच बघा. रॉकेटच्या टोकाशी तो एका मोठ्या टोपणात बंद असतो. त्या टोपणात एका जाड नळीने रात्रंदिवस थंड, कोरडी, गाळलेली हवा सोडावी लागते. आत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे एखादी फट असलीच तरी हवा आतून बाहेर जाते आणि बाहेरची धूळ आत येत नाही. वर्ल्डव्ह्यू-४ सारखा उपग्रह कक्षेतून जमिनीवरची साधारण ३० सेंटीमीटरची वस्तू ओळखणार असतो. त्याच्या दुर्बिणीच्या आरशावर काजळीचा थर बसून कसं चालेल? एकदा वर गेल्यावर तिथे पुसायला कोणी जाणार नाही. वणव्याच्या धुरातले कण इतके बारीक असतात की साध्या गाळणीतून सहज निसटतात, आणि बारीक गाळण्या दाट धुरात लवकर तुंबतात. म्हणून डोंगरापलीकडे धूर दिसताच इथली माणसं गाळण्या तपासतात, बाहेरून हवा ओढणारी तोंडं कमी करतात आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात. पण हे सगळं जोवर वीज आहे तोवरच.

आणि नेमका इथेच पेच पडतो. उच्च दाबाच्या तारांखाली आग असली की अग्निशमन जवानांना त्या तारा बंद हव्या असतात. दाट, काजळीने भरलेल्या धुरातून वीज तारेवरून जमिनीकडे झेप घेऊ शकते आणि खाली उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. पॅडवाल्यांना मात्र वीज चालूच हवी, कारण ती गेली की टोपणातली हवा थांबते. दोघांचंही बरोबर असतं. वाट एकच: डिझेलचे जनरेटर आधीच चालू करून पॅडचा भार त्यांच्यावर टाकायचा, मग तारा बंद करायच्या आणि मगच माणसं त्याखाली पाठवायची. हा क्रम चुकून चालत नाही. म्हणून आगीच्या कमांड पोस्टवर अग्निशमन अधिकाऱ्याच्या शेजारी प्रक्षेपण चालवणाऱ्यांचा माणूस बसलेला असावा लागतो.

आता या जागांचा भूगोल. व्हँडेनबर्ग सुमारे ९९ हजार एकरांवर पसरलेलं आहे. उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह इथून सोडतात, कारण दक्षिणेकडे उडालेलं रॉकेट थेट समुद्रावरून जातं आणि काही बिघडलं तर वस्तीवर पडत नाही. त्याच कारणाने पॅडही एकमेकांपासून लांब बांधलेले असतात, एकावर स्फोट झाला तर दुसऱ्याला धक्का पोचू नये म्हणून. ही मोकळी जागा माणसाला रॉकेटपासून वाचवते. मात्र ती मोकळी म्हणजे उघडी जमीन नसते. तिथे चॅपराल नावाची तेलकट पानांची काटक झुडपं वाढतात, गवत वाढतं, पूर्वी वारा अडवण्यासाठी लावलेले निलगिरीचे पट्टे आहेत. वर्षानुवर्षं तिथे कोणी राहत नाही, शेती करत नाही, गाड्याही फारशा फिरत नाहीत. रस्ते थोडे, तेही दऱ्यांमधून जाणारे. थोडक्यात, स्फोटापासून जपण्यासाठी सोडलेलं अंतर हेच वणव्याचं सरपण होऊन बसतं. हा सगळा विषय वाचताना मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते या गोष्टीने.

त्यात चढाची भर. आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या झुडपांकडे झुकतात आणि ती पेटायच्या आधीच वाळवून, तापवून ठेवतात. जवानांचा एक ठोकताळा असा की चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आणि डोंगरमाथ्यावर काय असतं? रॉकेटवर नजर ठेवणारे रडार, दुर्बिणी, अँटेना. त्यांना आकाश मोकळं दिसावं लागतं म्हणून ते माथ्यावरच बसवावे लागतात. उडालेलं रॉकेट भरकटलं तर त्याला हवेतच नष्ट करण्याचा संदेश अशाच अँटेनांमधून जातो. तो संदेश नक्की पोचेल याची खात्री नसेल, तर पॅड आणि रॉकेट कितीही धडधाकट असोत, उड्डाणाला परवानगी मिळत नाही. म्हणजे पॅडपासून कित्येक किलोमीटर लांबचा एक जळका केबलचा जोड रॉकेट जमिनीवर रोखून धरू शकतो.

प्रत्यक्ष आग अडवायची कशी? पाण्याने, असं आपण चटकन म्हणतो. पण डोंगरात पाणी पोचतं कमी आणि संपतं लवकर. मुख्य हत्यार म्हणजे जाळरेषा: आगीच्या वाटेत जमिनीचा असा पट्टा, ज्यावर जळण्यासारखं काहीच उरलेलं नाही. बुलडोझर जिथे चढू शकतो तिथे तो वापरतात. जिथे नाही तिथे वीसेक जणांची टोळी हाताने काम करते. पुढे करवतवाले झुडपं तोडतात, त्यांच्यामागचे ती उचलून आगीपासून लांबच्या बाजूला टाकतात, मग एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं पुलास्की घेतलेली माणसं मुळं तोडतात, आणि शेवटचे रुंद खोऱ्याने पालापाचोळा ओढून खालची माती उघडी करतात. प्रत्येक जण एक-दोन घाव घालतो आणि पाऊल पुढे टाकतो. राहिलेलं मागचा पुरं करतो. लांबून पाहिलं तर एक रांग संथपणे डोंगर चढताना दिसते आणि तिच्यामागे मातीची उघडी पाऊलवाट उमटत जाते.

नुसती रेष आखून मात्र भागत नाही. झुडपं जितकी उंच, त्याच्या निदान दीडपट रुंद रेष हवी, आणि वारा असेल तर तीही पुरत नाही. मग जवान स्वतःच रेषेच्या आतल्या अंगाला आग लावतात. रेष आणि येणारा वणवा यांच्यामधलं सगळं आधीच जळून जातं, आणि वणवा तिथे पोचतो तेव्हा त्याला खायला काही उरत नाही. वाचायला सोपं वाटतं, पण वारा फिरला तर आपणच लावलेली आग आपल्या पाठीशी येते. निलगिरीचा धोका वेगळा. तिच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटून पेटतात आणि वाऱ्यावर तरंगत रेषेच्या पार पलीकडे जाऊन पडतात. असा एक निखारा एखाद्या इमारतीच्या हवा खेचणाऱ्या जाळीत शिरला की आतली गाळणी पेटू शकते. बाहेरच्या भिंती शाबूत राहतात आणि आग आत असते. म्हणून इमारतींच्या भोवती पालापाचोळा उरू न देणं आणि जाळ्यांवर लक्ष ठेवायला माणूस बसवणं हे मोठ्या विमानांइतकंच महत्त्वाचं आहे, जरी त्याचे फोटो कोणी काढत नसलं तरी.

विमानांचंही महत्त्व आहेच. डीसी-१० सारखं मोठं विमान एका फेरीत सुमारे ३५ हजार लिटर द्रव टाकतं. तो लाल रंगाचा द्रव म्हणजे मुख्यतः खतात असतात तसे अमोनियम फॉस्फेटचे क्षार, पाणी आणि टाकलेली जागा वरून दिसावी म्हणून मिसळलेला लोहाच्या गंजाचा रंग. तो आग विझवत नाही. झुडपांवर बसून ती सहज पेटू देत नाही, म्हणजे जमिनीवरच्या टोळीला वेळ मिळवून देतो. हे क्षार धातूला खातात आणि ओले असताना वीज वाहून नेतात. तेव्हा हा मारा डोंगराच्या सोंडेवर, पॅडपासून लांब केलेलाच बरा. उघड्या जोडण्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर तो पडला तर वणव्याने केलं नसतं ते नुकसान आपल्याच हाताने व्हायचं.

आता त्या भीतीकडे. पॅडच्या आवारात साठवलेली काही रसायनं खरोखर भयंकर असतात. हायड्रॅझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी एकमेकांना नुसती भेटली तरी पेट घेते, ठिणगी लागत नाही. उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत त्यांचा वापर होतो तो याच गुणामुळे. नायट्रोजन टेट्रॉक्साइड २१ अंशांवर उकळतं, म्हणजे उबदार दुपारही त्याला पुरेशी. त्याची तांबूस-तपकिरी वाफ हवेपेक्षा जड आणि फुप्फुसं जाळणारी. गळती झाली तर ती उतारावरून खाली दरीत उतरते, आणि दरीत जवान असतात. द्रवरूप ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण डांबरी रस्त्यावर सांडून मुरला तर त्यावर नुसता जोराचा आघात झाला तरी स्फोट होऊ शकतो. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही.

आणि घन इंधनाची रॉकेटं. त्यांच्या इंधनातच ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट मिसळलेलं असतं. एकदा पेटलं की पाणी, फेस, माती यांपैकी कशानेही ते विझत नाही, कारण त्याला बाहेरची हवा लागतच नाही. अशा ठिकाणासाठी नियम सरळ आहे: आग त्या कोठारापर्यंत पोचूच द्यायची नाही, आणि पोचलीच तर माणसं ठरलेल्या अंतराबाहेर काढायची. तिथे शौर्याला जागा नाही.

व्हँडेनबर्गच्या जमिनीखालीही जोखीम पुरलेली आहे. रॉकेटं यायच्या आधी, १९४१ पासून, इथे कॅम्प कुक नावाचा लष्करी तळ होता आणि रणगाड्यांचा सराव चाले. तेव्हाचे न फुटलेले गोळे अजूनही काही भागांत मातीत आहेत. आगीच्या उष्णतेने ते फुटू शकतात, बुलडोझरच्या पात्यानेही फुटू शकतात. शिवाय या जमिनीवर चुमाश या मूळ रहिवाशांच्या पवित्र जागा आणि चित्रं आहेत, किनाऱ्यावर संरक्षित पक्षी घरटी करतात. त्यामुळे बुलडोझर कुठे चालेल हे नकाशावर आधी बघावं लागतं, ऐन आगीतसुद्धा.

हे सगळं इतक्या बारकाईने ठरवलं जातं त्यामागे एक जखम आहे. २० डिसेंबर १९७७ रोजी पहाटे ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या झोतांनी वारा सुटला, विजेच्या तारा पडल्या आणि हाँडा कॅनियनमध्ये आग लागली. इतक्या वाऱ्यात विमान, हेलिकॉप्टर काही चालत नाही. आगीच्या भडक्यात तळाचे कमांडर, अग्निशमन प्रमुख आणि त्यांचे सहायक प्रमुख सापडले आणि गेले. बुलडोझर चालवणारा एक जण भाजून नंतर दगावला. तळाचं सगळं नेतृत्व आगीच्या तोंडाशी होतं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यांनी पाठीमागून सूत्रं हलवली नाहीत. पण त्यानंतर व्हँडेनबर्गला हे कळून चुकलं की इमारतींच्या आगी विझवणारे बंब आणि डोंगरातला वणवा यांचं जमत नाही, त्यासाठी वेगळी तालीम लागते. पुढे तिथे स्वतःची हॉटशॉट टोळी उभी राहिली, म्हणजे वणव्याच्या अगदी कडेला पायी जाऊन काम करणाऱ्या निवडक जवानांची तुकडी. २०१६ च्या आगीतही एक माणूस गेला: मदतीला निघालेला पाण्याचा टँकर वाटेत उलटला आणि त्यातल्या एका अग्निशमन जवानाचा मृत्यू झाला. ज्वाळा अजून लांब होत्या. वणव्याच्या बातमीत अशी माणसं एका ओळीत येतात आणि जातात, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

एक गोष्ट या जागेबद्दल मला फार जवळची वाटते. ज्या पॅडवर ते ॲटलस-५ उभं होतं, त्याच पॅडवरून डिसेंबर १९९९ मध्ये टेरा हा उपग्रह गेला. त्याच्यावरचं मोडिस हे उपकरण जगभरातले वणवे उष्णतेवरून टिपतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथूनच नोआ-२१ हा हवामान उपग्रह गेला. त्याचं उपकरण तर ३७५ मीटरच्या चौकोनातली आग ओळखतं. आज जगात कुठेही डोंगर पेटला की नकाशावर जे लाल ठिपके दिसतात, त्यांतले कितीतरी या दरीशेजारून उडालेल्या यंत्रांचे असतात.

फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्राची तऱ्हा निराळी. तिथे डोंगर नाहीत, दलदल आणि खुरटी झुडपं आहेत, आणि विजा भरपूर पडतात. केंद्राच्या भोवती मेरिट आयलंडचं अभयारण्य आहे. तिथे १९८१ साली वणव्याशी लढताना अभयारण्याचे दोन जवान गेले. त्यानंतर ठरवून, हवामान पाहून, थोडं थोडं रान मुद्दाम जाळण्यावर जोर आला: साठलेलं सरपण लहान आगींत संपलं की मोठी आग भडकत नाही. तिथला स्क्रब-जे हा दुर्मिळ पक्षीही अशाच बुटक्या, अधूनमधून जळणाऱ्या झुडपांत राहतो. अडचण अशी की कुठल्या तरी स्वच्छ खोलीत कुठला तरी उपग्रह उघडा असतो आणि धूर त्या दिशेने जाईल म्हणून जाळणी पुढे ढकलावी लागते. वारा अनुकूल असतो तेव्हा उपग्रह आड येतो, उपग्रह गेलेला असतो तेव्हा वारा आड येतो. पुढे ढकललेल्या प्रत्येक दिवसाचं सरपण मात्र साठतच राहतं. माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड निर्णय हाच आहे, पेटलेल्या आगीपुढचा नव्हे. टेक्सासमध्ये तर आग रॉकेटनेच लावली होती: जुलै २०१९ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारहॉपर या प्रायोगिक रॉकेटच्या चाचणीनंतर सुमारे शंभर एकर गवत जळलं.

आग आटोक्यात आली अशी बातमी येते तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. जाळरेषेच्या आतल्या अंगाला कित्येक मीटरपर्यंत राख उकरत माणसं रांगेने चालतात. एक जण हातमोजा काढतो आणि तळव्याऐवजी हाताची पालथी बाजू राखेच्या जवळ नेतो. पालथ्या हाताची कातडी पातळ, ऊब चटकन कळते, आणि भाजलंच तर हत्यार धरायचा तळवा शाबूत राहतो. कुठे ऊब लागली तर तिथे खणायचं, मूळ सापडेपर्यंत, कारण निलगिरीचं आणि झुडपांचं मूळ जमिनीखाली दिवसचे दिवस धुमसतं. दुसरीकडे तंत्रज्ञ खांब मोजतात, विजेच्या तारांचे पांढरे चिनीमातीचे टेकू काजळीने काळे झाले असतील तर धुतात, केबली जोडणी-जोडणीला तपासतात, रडार फिरवून बघतात, गाळण्या बदलतात.

तोवर पावसाळा तोंडावर आलेला असतो. कॅलिफोर्नियात तो हिवाळ्यात येतो. मुळं जळून गेलेल्या उतारावरची माती पहिल्या मोठ्या सरीत सुटते आणि चिखल होऊन खाली रस्त्यांवर, चरांमध्ये उतरते. म्हणून राख थंड झाली की उतारांवर आडव्या ओळींत पेंढ्याच्या लांब गुंडाळ्या खुंट्यांनी ठोकायच्या असतात, पॅडच्या वरच्या अंगाला आणि केबलींच्या चरांच्या वर सगळ्यांत आधी.